भरली नाही तरी सुटणारी गाडी



परतीच्या पावसानं वाफसा मोडलाय, कांद्याच्या रोपाची खुरपणी दोन दिवस पुढं गेली. म्हणून आज पिकाची नोंद नाही. आज नोंद आहे ती गाडीची, एस.टी.ची. शेतीच्या पानावर एस.टी. कशाला, असं कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

परवा थोरल्या आईला, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतीला, घेऊन तालुक्याला गेलो होतो. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये तिच्या बँक खात्यात येतात. गावात अंगठ्याचं मशीन आहे, पण खुरपं धरून धरून तिचा अंगठा इतका गुळगुळीत झालाय की मशीन तिला ओळखतच नाही. मग शाखेत जावं लागतं. एस.टी.त तिला तिकीट लागत नाही, पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. पण आमच्या वाडीला गाडीच येत नाही. गाडी मिळते ती चार किलोमीटरवरच्या फाट्यावर. माझ्या मोटरसायकलवर ती बसत नाही, त्याचं कारण पुढं येईल. शेवटी गावातली एक चारचाकी ठरवली. जाऊन-येऊन सातशे रुपये. पंधराशे आणायला सातशे! घरी येताना म्हणाली, "मला तर फुकाट हाय ना रं?"

त्या रात्री जुन्या गोष्टी आठवत बसलो. थोडं वाचलेलं होतं, थोडं आजोबांकडून ऐकलेलं, बाकीचं डोळ्यांनी पाहिलेलं. ते इथं मांडतो.

एस.टी. यायच्या आधी आमच्या नगरच्या पठारावर सर्व्हिस मोटारी होत्या. खाजगी मालकांच्या. आजोबा सांगायचे, महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी आल्या. मागं भट्टी बसवलेली. चढ आला की माणसं खाली उतरून ढकलायची. पण आजोबांची खरी तक्रार कोळशाची नव्हती. मोटार कधी सुटणार हे कोणालाच ठाऊक नसायचं, ही होती. भरली की सुटणार. सकाळी जाऊन बसलं तरी उन्हं डोक्यावर येईपर्यंत मोटार जागची हलायची नाही, कारण चार माणसं कमी. भरली की मग इतकी भरायची की म्हाताऱ्या माणसाला मालक आधीच सांगायचा, तुम्ही मागच्या मोटारीनं या. मागची मोटार त्या दिवशी असेलच असं नाही.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. धावली. किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक, ही नावं दर वर्षी १ जूनला छापून येतात. लाकडी बॉडीच्या त्या गाडीचं कौतुक पुष्कळ झालं, आणि आपल्या रस्त्यावरून ती धावली याचा आम्हा नगरकरांना आजही अभिमान आहे. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण जिभेला नगरच येतं.) मला मात्र त्या गाडीपेक्षा तिच्या वेळापत्रकाचं महत्त्व जास्त वाटतं. सरकारनं गाडी चालवायला घेतली म्हणजे नेमकं काय बदललं? गाडी भरो न भरो, वेळ झाली की घंटी वाजणार आणि गाडी सुटणार, हे बदललं. तरण्या माणसाला हा फरक थोडा वाटतो, तो दोन तास टपरीवर काढू शकतो. गुडघे धरलेल्या, लघवीला सारखं जावं लागणाऱ्या, उन्हात चक्कर येणाऱ्या माणसाला "सहाची गाडी सहाला" याचा अर्थ वेगळा असतो.

१९५० साली रस्ता वाहतूक महामंडळांचा कायदा झाला. आजही तोच लागू आहे. मी वकील नाही, पण तो कायदा एकदा वाचून काढला आणि त्यातली दोन कलमं डोक्यात राहिली. कलम १८ म्हणतं की कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट जुळवलेली वाहतूक हळूहळू उभी करणं हे महामंडळाचं कर्तव्य. कलम २२ म्हणतं की महामंडळानं धंद्याच्या तत्त्वावर चालावं. दोन्ही कलमं एकाच कायद्यात, चार पानांच्या अंतरानं. आमच्यासारख्या वाड्यांचा सगळा इतिहास या दोन कलमांच्या ओढाताणीचा आहे. "पुरेशी" म्हटलं की गाडी वाडीपर्यंत येते, "धंदा" म्हटलं की फाट्यावरून वळते.

१९६० ला महाराष्ट्र झाला. पुढच्या वर्षी जुन्या मुंबई राज्याची, नागपूरकडची आणि मराठवाड्यातली अशा तिन्हीकडच्या गाड्या मिळून आजचं महामंडळ उभं राहिलं. मराठवाड्यातली सेवा तर निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ लाच सुरू केलेली, म्हणजे आपल्यापेक्षा सोळा वर्षं जुनी. हे आमच्याकडच्या लोकांना सांगितलं की पटत नाही.

पण आमच्या वाडीला गाडी यायला आधी रस्ता हवा होता. तो दिला दुष्काळानं.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आता सगळे म्हातारे आहेत. थोरली आई तेव्हा पंचविशीची, कडेवर पोर. फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता हे दुष्काळी काम म्हणून निघालं. बायांनी खडी फोडली, पाट्या वाहिल्या, पोरं सुकडीच्या रांगेत. खायला अमेरिकेतून आलेला लाल मिलो, त्याच्या भाकरीची चव ती आजही तोंड वाकडं करून सांगते. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि त्याच रस्त्यावर पुन्हा मुरूम पडला, मोऱ्या झाल्या. आज वाडीत पंचाहत्तरीच्या पुढची जी सतरा-अठरा माणसं आहेत, त्यातल्या बहुतेकांनी हा रस्ता स्वतःच्या हातानं केलेला आहे. हे वाक्य लिहिताना मी जरा थांबलो होतो.

रस्ता झाल्यावर पाच-सहा वर्षांनी गाडी आली. मुक्कामी गाडी. आपल्या वाचकांत बरीच तरुण पोरं आहेत, कृषी पदवीचे विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. मुक्कामी गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावात रात्रभर थांबते आणि सकाळी परत निघते. आमची साडेसातला यायची. मारुतीच्या देवळापुढं उभी राहायची. डायवर-कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे, भाकरी पाळीनं घरोघरची. सकाळी सहाला डबल बेल.

मुक्कामी गाडीची गंमत अशी की ती दिवस जुळवून देते. सकाळी जा, दहाला कचेरी उघडेल, दवाखाना दाखवा, बँक करा, बाजार करा, संध्याकाळच्या गाडीनं घरी. याउलट अकराला येऊन साडेअकराला परत जाणारी फेरी कागदावर फेरीच असते, पण त्या गाडीनं गेलेला माणूस परत कसा येणार? तरुण माणूस तालुक्याला कुणाकडंही मुक्काम ठोकतो. म्हाताऱ्या माणसाला रात्रीची गोळी, स्वतःचं अंथरूण आणि ओळखीची मोरी लागते.

कंडक्टर सगळ्यांना ओळखायचा. कोणत्या बांधापाशी कोणती आजी हात करणार हे त्याला पाठ. गाडीवर विनंती थांब्याची पाटी नव्हती, पण विनंती चालायची. डॉक्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी त्याच्याकडं द्यायची, संध्याकाळी गोळ्या यायच्या, चिल्लर सुद्धा परत. तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे त्याच गाडीनं जायचे. मी स्वतः तीन वर्षं त्या डब्यावर काढली. गाडीत ज्येष्ठांसाठी राखीव सीट असायची, आमदारांसाठीही असायची. आमदारांच्या सीटवर मी आयुष्यात एकही आमदार बसलेला पाहिला नाही, कायम कोणीतरी आजी मांडी घालून बसलेली.

आता शेतीचा मुद्दा.

त्या सकाळच्या गाडीत म्हाताऱ्या बाया रिकाम्या हातानं चढत नसत. बाजाराच्या दिवशी तर नाहीच. मेथीच्या दहा जुड्या, टोपलीत गावरान अंडी, घेवड्याच्या शेंगा, पावटा, परसातलं डांगर, उन्हाळ्यात वाळलेली गवार. थोरली आई दोडका आणि घेवडा न्यायची. हा माल कोणत्याही आडत्याच्या वहीत नव्हता, कोणत्याही सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद नव्हती. बांधावर, उकिरड्याच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं पीक. पण त्याचा पैसा त्या बाईचा स्वतःचा. त्यातून तिच्या गोळ्या, नातवाला खाऊ, वारीला चार पैसे. पोराकडं हात पसरायचा नाही.

गाडी बंद झाली तसं हे पीक बांधावरून गेलं. एकदम नाही, पाच-सहा वर्षांत. जीपवाला ओझ्याचे वेगळे पैसे मागतो, आणि दहा जुड्यांसाठी माणसाचं भाडं अधिक ओझ्याचं भाडं परवडत नाही. विकायचं नसेल तर लावायचं कशाला? आणि लावलं नाही तर बी कोण धरणार? आमच्या वाडीत घेवड्याचा एक वाण होता, जाड, तपकिरी, वर पांढरा ठिपका. राखेत घालून मडक्यात ठेवायच्या. तो आता कुणाकडंच नाही. मागच्या वर्षी थोरल्या आईच्या मडक्यात थोडं बी सापडलं, पण उगवलं नाही, फार जुनं होतं. कृषी खात्यातली, विद्यापीठातली जी मंडळी हे पान वाचतात आणि देशी वाण शोधत वाड्या पालथ्या घालतात, त्यांनी एक करून बघावं. वाण कोणत्या साली गेला हे विचारताना त्या गावची गाडी कोणत्या साली गेली हेही विचारावं. माझ्या वाडीपुरतं तरी ते साल जवळजवळ एक आहे.

गाडी का गेली? इथं मी दुसऱ्या कोणाकडं बोट दाखवत नाही, कारण चार बोटं आपल्याकडं वळतात.

एस.टी.त एक शब्द आहे, भारमान. गाडीच्या एकूण सीटांपैकी सरासरी किती सीटांचं तिकीट फाटलं, त्याचं शेकड्यातलं प्रमाण. चाळीस-पंचेचाळीस सीटांच्या गाडीत दहा माणसं म्हणजे भारमान कमी, डिझेलही सुटत नाही. आमच्या गाडीचं भारमान कोणी टिकवलं होतं? शाळेच्या पोरांनी, कचेरीत जाणाऱ्यांनी, बाजारकरूंनी, आम्ही तरण्या शेतकऱ्यांनी. म्हातारी माणसं गाडीत पाच-सातच असायची. ती आमच्या गर्दीच्या आधारानं जात होती. कांद्याला बरा भाव मिळाला त्या वर्षी मी मोटरसायकल घेतली. शेजाऱ्यानं घेतली. पाच-दहा वर्षांत घरटी एक झाली. फाट्यावर जीपा लागल्या, आम्ही जीपनं जायला लागलो, कारण जीप सारखी मिळते. ज्या दिवशी मी मोटरसायकल घेतली त्या दिवशी थोरल्या आईच्या गाडीतली एक सीट मी रिकामी केली, हे तेव्हा कळलं नाही.

तिकडं मोठ्या रस्त्यावरही तेच. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या उत्पन्नावर आतल्या वाड्यांच्या तोट्याच्या फेऱ्या ओढल्या जायच्या. १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ पासून लागू झाला, परवाने सैल झाले, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनी पुण्या-मुंबईची माणसं उचलली. मलई गेली आणि ताक एस.टी.कडं राहिलं. त्या ताकात आमची वाडी.

आधी दुपारची फेरी गेली. मग मुक्काम गेला, गाडी फक्त शाळेच्या वेळेला यायला लागली. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता उखडला तेव्हा पावसाळ्यात तीही बंद. हा ऊसही आमचाच. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि राज्यभरच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्यातून सावरतोय तोवर नोव्हेंबर २०२१ च्या सुमाराला कर्मचाऱ्यांचा मोठा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही, त्यांच्या घरचे हाल आम्ही पाहिलेत. पण कोविडआधी जिथं अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, तिथं नंतर चौदा-पंधरा हजारच राहिल्या. कमी गाड्या पुरवायच्या म्हटलं की टोकाची वाडी आधी गळते. आमची गळली.

आणि मग, संप मिटून चार महिने होतात न होतात, तोच २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. मोफत झाली. पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आधीपासून होतंच. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट. योजना चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. फाट्यावरच्या गावातल्या आज्या लेकींकडं जायला लागल्या, देवाला जायला लागल्या. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या बाया पंढरपूर, जेजुरी करून आल्या. (आमच्या वाडीतले एक आजोबा दिसायला ऐंशीचे, पण आधार कार्डावर जन्म १ जानेवारी आणि साल कुणीतरी अंदाजानं टाकलेलं, त्यामुळे सरकारी हिशेबात ते अजून सत्तरीतच. अर्धं तिकीट काढतात आणि वर म्हणतात, मी तरणा हाय.)

माझं म्हणणं एवढंच आहे की सवलत तिकिटाला आहे, फेरीला नाही. माणूस गाडीत चढला, शून्याचं तिकीट निघालं, की त्याचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. पण गाडी वाडीपर्यंत आलीच नाही तर तिकीट निघत नाही, आणि निघत नाही म्हणून कुणाचं काही देणं लागत नाही. जिथं गाडी आहे तिथल्या म्हाताऱ्याला सगळं, जिथं नाही तिथल्याला कार्ड. आणि भारमान बघायचं तर आमच्या वाडीची सतरा माणसं रोज थोडीच जाणार? महिन्यातून एकदा-दोनदा. त्यांच्या भरवशावर रोजची गाडी कधीच भरणार नाही, हे मलाही कळतं.

पण फेरीला पैसा देणं जमतच नाही असंही नाही. मराठवाड्यात पाहुण्यांकडं गेलो तेव्हा मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या पाहिल्या. मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत मुलींना शाळेत जाता यावं म्हणून सरकारनं त्या दिल्या, सुरुवातीला तालुक्याला पाच. तिथं हिशेब असा की मुलगी शाळेत पोचली पाहिजे, म्हणून गाडी गेलीच पाहिजे. त्याच चालीवर म्हाताऱ्या माणसांसाठी आठवड्यातून एक दिवस, बाजारवारी, एक लहान गाडी का फिरू नये? रोज नको. सकाळी एक, संध्याकाळी एक.

आता मोटरसायकलचं. आमच्या शेजारचे नाना, ब्याऐंशीचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दाखवायला बोलावलं होतं. नातवानं गाडीवर मागं बसवलं. नातू काही वेगात नव्हता, मी त्याला ओळखतो. उखडलेल्या रस्त्यावर खड्डा चुकवताना नानांचा हात सुटला आणि ते कडेला पडले. खुब्याचं हाड मोडलं. डोळा चांगला झाला होता, पण त्या डोळ्यानं ते पुढचे सात महिने घराचं छत बघत राहिले आणि त्यातच गेले. तेव्हापासून वाडीतली म्हातारी माणसं मोटरसायकलवर बसत नाहीत. नातू अजून नजर वर करून बोलत नाही. त्याला मी एकदा सांगितलं, बाबा, तुझी चूक नाही, ते गाडीवर बसायला नको होते. तो म्हणाला, "मग कशावर बसायचं होतं, काका?"

याच पावसाळ्यात आम्ही ग्रामसभेत ठराव केला आणि आगारात अर्ज दिला. बाजाराच्या दिवशी एक फेरी, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. रस्त्याचे खड्डे आम्ही मुरूम टाकून बुजवून देऊ, हेही लिहिलं. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "किती माणसं चढतील, आकडा आहे का?" आकडा नव्हता. खोटं बोलवेना.

म्हणून आता वही घातलीय. दर बाजारवारी सकाळी फाट्यावर जातो, पाणी धरायचं असलं तरी तासभर काढतो. आमच्या आणि पलीकडच्या दोन वाड्यांतून साठीच्या पुढची कोण माणसं आली, चालत आली की कुणी आणून सोडली, काय कामाला निघाली, काय ओझं आहे, हे लिहितो. पहिल्या आठवड्यात सात. दुसऱ्यात पाऊस, चार. परवा अकरा. त्यातले सहा जण चालत आलेले. ओझं फक्त एकाच बाईकडं होतं, शेवग्याच्या शेंगा.

जे घरीच बसून राहिलेत त्यांचा रकाना मात्र वहीत नव्हता. तो थोरल्या आईनं सुचवला. म्हणाली, "फाट्यावर कोण आलं ते लिहितूस, जे येऊ शकलं न्हाईत ते कोण लिहिणार?" मग घरोघर फिरून तोही रकाना भरायला घेतलाय. तिनं स्वतःचं नाव पहिलं घालायला लावलं आणि कामाच्या ठिकाणी लिहायला सांगितलं, घेवडा विकायला.

मी म्हटलं, "तुझ्याकडं घेवडा कुठाय?"

"गाडी तर येऊ दे," ती म्हणाली.

तो जाड तपकिरी, पांढऱ्या ठिपक्याचा घेवडा कुणाच्या बांधावर अजून असेल तर कळवा, मूठभर बी पुरे. आणि आपापल्या गावची मुक्कामी गाडी कोणत्या साली सुरू झाली, कोणत्या साली बंद झाली, तेही लिहा. वहीत मागची पानं कोरी आहेत.